चार जीबीपैकी पाऊण जीबी जाते कुठे?

विंडोज ७ असलेल्या संगणकावर ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडली, की प्रोसेसरच्या नावाखाली एक ओळ दिसते: ‘इन्स्टॉल्ड मेमरी (रॅम) ४.०० जीबी’, आणि तिला लागूनच कंसात ‘३.२४ जीबी यूजेबल’. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या बाजारातून किंवा आणखी कुठून दोन-दोन जीबीच्या दोन स्टिक आणून त्या डोळ्यांदेखत बसवून घेतलेल्या माणसाला कंसातला हा आकडा पाहून पहिला संशय दुकानदाराचा येतो, दुसरा स्टिक बनवणाऱ्या कंपनीचा, आणि तिसरा असा की संगणकातच कुठेतरी पाणी मुरते आहे. बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाचाही दोष नसतो. स्टिकवरच्या सगळ्या चिप शाबूत असतात, त्यांना वीजही पोचत असते. त्यातल्या पाऊण जीबीपर्यंत जाण्याची वाट तेवढी प्रोसेसरला उपलब्ध नसते.

मेमरी बसवलेली असणे आणि त्या मेमरीला क्रमांक मिळालेला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातला जवळजवळ सगळा गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. प्रोसेसरला मेमरीतली एखादी गोष्ट हवी असली, की तो तिचा क्रमांक पुढे करतो आणि त्या क्रमांकावर जे असेल ते त्याच्याकडे येते. हा क्रमांक म्हणजेच ॲड्रेस. मेमरीच्या प्रत्येक बाइटला असा स्वतंत्र क्रमांक लागतो. पुण्याच्या पेठांमधले जुने पत्ते जसे घरक्रमांक आणि पेठ एवढ्यावर चालतात, तसाच हा प्रकार आहे. आता असे समजा की सदाशिव पेठेच्या टपालाच्या वहीत घरक्रमांकासाठी चारच आकड्यांची जागा छापलेली आहे. शून्यापासून ९९९९ पर्यंत मिळून दहा हजार क्रमांक झाले. त्यातले काही शेकडा देवळे, शाळा आणि पोलीस चौकी यांना देऊन टाकलेले असतील, तर पेठेत दहा हजार घरे बांधूनही शेवटच्या काहीशे घरांना क्रमांक उरत नाही. घर उभे आहे, आत दिवाही लागतो, पण पोस्टमनच्या लेखी ते नाही.

संगणकाच्या वहीत आकडे दशमान नसून द्विमान असतात. ३२ बिटांचा ॲड्रेस म्हणजे शून्य किंवा एक असे ३२ आकडे, आणि त्यांच्यापासून ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळे क्रमांक तयार होतात. एका क्रमांकाला एक बाइट या हिशेबाने हे बरोबर ४ जीबी भरतात. ३२-बिट संगणकाची ४ जीबीची प्रसिद्ध मर्यादा ती हीच. पण मग ४ जीबी मेमरी पुरती वापरता यायला हवी होती, ३.२४ चा हिशेब अजून लागलेला नाही.

तो लागतो तो या गोष्टीमुळे, की क्रमांक फक्त मेमरीलाच लागतात असे नाही. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबीचा नियंत्रक, साउंड कार्ड या सगळ्यांशी प्रोसेसर बोलतो तो प्रामुख्याने त्यांना मेमरीसारखेच क्रमांक देऊन. अमुक क्रमांकावर लिहिले तर ते रॅममध्ये जायचे, तमुक क्रमांकावर लिहिले तर ते कार्डाच्या रजिस्टरमध्ये (त्याच्या आतल्या छोट्या नोंदजागेत) जायचे, अशी वाटणी संगणक सुरू होतानाच बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, करून ठेवतो. हे क्रमांक ४ जीबीच्या टोकाकडून खाली दिले जातात, कारण ऑपरेटिंग सिस्टिमला रॅम शून्यापासून वर शक्य तितकी सलग हवी असते. ४ जीबीचे अगदी टोक तर मोकळे ठेवणे शक्यच नसते. इंटेलच्या पद्धतीचा ३२-बिट प्रोसेसर वीज आल्यावर आपली पहिली सूचना शोधतो ती ४ जीबीच्या सीमेच्या फक्त १६ बाइट अलीकडे. त्या क्षणी रॅममध्ये काहीच लिहिलेले नसल्यामुळे तिथे रॅम असून उपयोग नाही. तिथे बायॉसची कायमस्वरूपी चिपच असावी लागते.

यात सर्वांत मोठे वाटेकरी दोन. पहिला म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ४ जीबी रॅम घरोघरी येऊ लागली त्या काळातली बरीच कार्डे आपल्या मेमरीकडे पाहण्यासाठी २५६ एमबीची खिडकी मागत, म्हणजे तेवढे क्रमांक त्यांच्या नावावर जात. दुसरा वाटेकरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तो आहे कार्डे मदरबोर्डला जोडणारी पीसीआय एक्सप्रेस ही व्यवस्था स्वतःच. तिच्या नियमांनुसार २५६ बस (उपकरणे जोडण्याचे मार्ग), प्रत्येक बसवर ३२ उपकरणे, प्रत्येक उपकरणाची ८ कार्ये आणि प्रत्येक कार्याच्या माहितीसाठी ४ केबी, एवढ्या क्रमांकांची तरतूद करता येते. गुणाकार केला तर तो बरोबर २५६ एमबी येतो. मशीनमध्ये प्रत्यक्षात पाचसातच उपकरणे असली, तरी बरेच मदरबोर्ड ही संपूर्ण तरतूद आधीच करून ठेवत. या दोघांतच अर्धा जीबी गेला. त्यावर लहानसहान उपकरणांचे हिस्से आणि मधली वाया जाणारी जागा धरली, की कोणाकडे ३.५ उरतात, कोणाकडे ३.२४, तर मोठे ग्राफिक्स कार्ड असलेल्याकडे ३ च्याही खाली. शेजाऱ्याच्या संगणकात तेवढीच रॅम असून त्याचा आकडा वेगळा का, याचे उत्तर हेच.

ही अडचण ३२-बिट युगाची नाही, तिच्याहून जुनी आहे. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता आणि त्याला ॲड्रेसच्या २० तारा होत्या. म्हणजे क्रमांक १०,४८,५७६, अर्थात १ एमबी. त्यातले खालचे ६४० केबी रॅमसाठी ठेवून वरचे ३८४ केबी पडद्याची मेमरी, जोडकार्डे आणि बायॉस यांना देण्यात आले. हा प्रोसेसरही सुरू होताना पाहत असे ते १ एमबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडेच. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात ज्यांनी ६४० केबीत प्रोग्रॅम बसवण्यासाठी खटपटी केल्या, त्यांना ३.२४ जीबीचा हा प्रकार पाहून जुनी ओळख पटली असेल. नव्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना मेमरीचा जो नकाशा छापते, त्यातही ६४० केबीपासून १ एमबीपर्यंतचे ते भोक बहुधा जसेच्या तसे दिसते. सुसंगतीच्या नावाखाली संगणकशास्त्रात काय काय जपले जाते, त्याचा हा नमुना आहे.

येथपर्यंतचे स्पष्टीकरण ऐकून बहुतेक जण ‘३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही’ असा निष्कर्ष काढतात. दुकानांत, कार्यालयांत आणि अभ्यासवर्गांतही तो सर्रास सांगितला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रो आणला तेव्हाच ३२-बिट प्रोसेसरला ३६ बिटांचे क्रमांक वापरण्याची सोय दिली होती. तिला पीएई म्हणतात. तिची युक्ती अशी की प्रोग्रॅमला दिसणारा क्रमांक आणि रॅमचा खरा क्रमांक हे दोन वेगळेच असतात आणि त्यांची सांगड ४ केबीच्या पानापानाने एका तक्त्यात ठेवलेली असते. त्या तक्त्यातली नोंद ४ बाइटची होती ती ८ बाइटची केली, म्हणजे प्रोग्रॅमकडचा क्रमांक ३२ बिटांचा राहूनही प्रत्यक्ष रॅमचा क्रमांक ३६ बिटांचा होऊ शकतो. ३६ बिट म्हणजे ६४ जीबी. विंडोज सर्व्हर २००८ ची ३२-बिट एंटरप्राइज आवृत्ती खरोखरच ६४ जीबी रॅम वापरीत असे, आणि पीएई चालू करून बांधलेली ३२-बिट लिनक्सेही ४ जीबीच्या वरची रॅम वापरीत.

मग घरगुती ३२-बिट विंडोजने हात का आखडता घेतला? गंमत अशी की घुसखोर कोडला अटकाव करणारी डीईपी ही सोय वापरण्यासाठी विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २, म्हणजे २००४ पासून, पीएईच वापरीत होती. लांब क्रमांक लिहिण्याचे यंत्र घरात होते, पण ४ जीबीच्या पुढचे क्रमांक मायक्रोसॉफ्टने मुद्दाम बाजूला ठेवले. कारण होते ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवण्यासाठी लागणारी छोटी सॉफ्टवेअर. साध्या घरातल्या संगणकात असंख्य कंपन्यांची कार्डे असतात, आणि त्यांचे अनेक ड्रायव्हर ‘रॅमचा क्रमांक ३२ बिटांतच मावणार’ असे गृहीत धरून लिहिलेले होते. अशा ड्रायव्हरच्या हाती ३६ बिटांचा क्रमांक आला, की तो वरचे बिट कापून टाकी आणि उरलेल्या क्रमांकावर, म्हणजे भलत्याच ठिकाणी, माहिती लिहून मोकळा होई. नशीब चांगले असेल तर संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे. नसेल तर कोणाची तरी फाइल गुपचूप बिघडे. सर्व्हरवर मोजकी, तपासलेली उपकरणे असल्यामुळे तिथे हा धोका पत्करता आला. मला हा निर्णय योग्यच वाटतो, कारण पाऊण जीबी गमावणे परवडते, कुठली फाइल कधी बिघडली हे न कळणे परवडत नाही. मात्र ही मर्यादा निसर्गनियमासारखी सांगितली जाते ते बरोबर नाही. त्याच एक्सपीवर काही हौशी मंडळी एक खास ड्रायव्हर टाकून वरच्या न वापरलेल्या रॅमची डिस्क बनवीत आणि तिच्यावर तात्पुरत्या फाइली ठेवीत, ते याच फटीतून.

मायक्रोसॉफ्टनेही या आकड्याच्या बाबतीत थोडी लपाछपी केली आहे. विंडोज ७ च्या आधीची विंडोज व्हिस्टा मूळ स्वरूपात वापरता येणारी रॅम दाखवीत असे. सर्व्हिस पॅक १ पासून ती बसवलेली रॅम दाखवू लागली, म्हणजे काहीही न बदलता लोकांची रॅम वाढलेली दिसली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापण्याचा सरळपणा विंडोज ७ मध्ये आला.

६४-बिट विंडोज टाकली की सगळे सुटते, हेही नेहमीच खरे नसते, कारण मध्ये मदरबोर्ड असतो. उपकरणांनी क्रमांक घेतल्यामुळे झाकल्या गेलेल्या रॅमला ४ जीबीच्या वरचे नवे क्रमांक देणे हे काम चिपसेट (मदरबोर्डवरच्या, रॅम आणि उपकरणांचा व्यवहार सांभाळणाऱ्या चिप) आणि बायॉसचे. बायॉसमध्ये ते ‘मेमरी रीमॅप’ अशा नावाने दिसते. ती सोय बंद असेल तर चालू करता येते. पण इंटेलच्या ९४५ मालिकेसारख्या चिपसेटमध्ये ती मुळातच नव्हती. अशा मशीनमध्ये प्रोसेसर ६४-बिट, विंडोज ६४-बिट आणि रॅम ४ जीबी असूनही वापरता येणारी रॅम सव्वातीनच्या आसपासच राहते, आणि त्याला काहीही इलाज नाही.

आजच्या लॅपटॉपमध्ये मात्र गोष्ट निराळी असते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ७.४ किंवा ६.९ यूजेबल दिसते तेव्हा क्रमांकांची टंचाई नसते. प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे बायॉस रॅममधलाच एक तुकडा सुरुवातीलाच त्याच्यासाठी तोडून ठेवतो. विंडोज जागी होते तेव्हा तो तुकडा तिच्या हाती आलेलाच नसतो. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये या तुकड्याचा आकार बदलता येतो. तिथे कोणी २ जीबी करून ठेवला असेल तर ८ पैकी सहासुद्धा उरत नाहीत. फोनमध्येही हेच घडते, फक्त तिथे वाटा मागणाऱ्यांत मोडेमही असतो. (फोनच्या जाहिरातीत जी ‘व्हर्च्युअल रॅम’ मिळते ती रॅम नव्हेच, ती स्टोरेजमधली उसनी जागा असते.) लिनक्समध्ये आणखी एक वजाबाकी दिसते. रॅमच्या प्रत्येक ४ केबी पानाची नोंद ठेवायला तिचा गाभा साधारण ६४ बाइट खर्च करतो, त्यामुळे १६ जीबीच्या मशीनवर २५६ एमबी नुसत्या वहीखात्याला जातात आणि एकूण मेमरीच्या आकड्यातून आधीच वगळलेल्या असतात.

परवान्याची मर्यादा ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिच्यामागे तंत्राचे काहीही कारण नाही. ६४-बिट विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती ८ जीबी, होम प्रीमियम १६ जीबी आणि प्रोफेशनल १९२ जीबी वापरू देते. प्रोग्रॅम तोच, किंमत वेगळी. आताच्या विंडोज ११ होमची मर्यादा १२८ जीबी असल्यामुळे सामान्य माणूस तिला जाऊन धडकत नाही.

कार्यालयांमधून येणारी एक तक्रार या सगळ्यांच्या पलीकडची आहे. रॅम १६ जीबी, यूजेबलचा आकडाही चांगला, तरी एक्सेलची मोठी शीट उघडताना मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. येथे अडते ते प्रोग्रॅमपाशी. संगणक ६४-बिट असला तरी ऑफिस ३२-बिट बसवलेले असेल, तर त्या प्रोग्रॅमला दिसणारे क्रमांक ३२ बिटांचेच राहतात. जुन्या एक्सेलच्या वाट्याला त्यातले २ जीबीच येतात, तर २०१६ नंतर सुधारलेल्या ३२-बिट एक्सेलला ६४-बिट विंडोजवर ४ जीबी मिळतात. नवी रॅम आणण्यापूर्वी एक्सेलच्या ‘अबाउट’मध्ये ३२-बिट लिहिले आहे की ६४-बिट, एवढे पाहिले तर अनेकदा खर्च वाचतो. मोठ्या प्रमाणावर हीच अडचण पुण्याने फार पूर्वी हाताळलेली आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक प्रोसेसरजवळ स्वतःची मेमरी होती आणि एकाला दुसऱ्याची मेमरी थेट वाचता येत नव्हती. सगळी मेमरी एका कामाला लावायची तर ते काम तुकड्यांत वाटून, तुकड्यांमध्ये संदेशांची देवाणघेवाण होईल अशा रीतीने प्रोग्रॅम लिहावा लागे.

रॅम कमी का दिसते ते शोधताना मी आधी किती कमी आहे ते पाहावे असे म्हणेन, कारण त्या आकड्यातच बहुधा उत्तर असते. विंडोजच्या ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये ‘मेमरी’चे पान उघडले की खाली एक आडवी पट्टी दिसते. विंडोज ७ मध्ये तिच्या डाव्या टोकाला ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असा करडा भाग असतो. तो दीडदोनशे ते सहाआठशे एमबी असेल, तर ग्राफिक्सचा किंवा उपकरणांचा वाटा समजून पुढे जावे. पण रॅम नेमकी एका स्टिकएवढी, म्हणजे १६ ऐवजी ८ दिसत असेल, तर क्रमांकांचा काही संबंध नाही. स्टिक नीट बसलेली नाही, स्लॉट खराब आहे किंवा बोर्डालाच तेवढी रॅम चालत नाही. दुरुस्ती करणारे अशा वेळी स्टिक काढून तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवतात आणि पुन्हा दाबून बसवतात, ते उगीच नव्हे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’ या प्रोग्रॅममधल्या ‘मॅक्झिमम मेमरी’च्या चौकोनात खूण करून मोठा आकडा टाकण्याचा सल्ला मात्र मनावर घेऊ नये. तो चौकोन रॅम कमी करण्यासाठी आहे, त्याने ती वाढत नाही. तिथे आधीपासूनच खूण असेल तर ती काढावी. आणि रॅम ‘भरलेली’ दिसते म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. मोकळ्या रॅममध्ये विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइली ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडून देते.

पुण्यातल्या छापखान्यांमध्ये आणि डीटीपीच्या जुन्या दुकानांमध्ये ३२-बिट विंडोज अजूनही भेटते ती हौसेखातर नव्हे. जुन्या मराठी फॉन्टची काही सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉक (नक्कल रोखण्यासाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाहीत, त्या लॉकचा ड्रायव्हर ३२-बिटच असतो, आणि ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर चालवीत नाही. त्याहून जुनी १६-बिट सॉफ्टवेअर असतील तर ती ६४-बिट विंडोजवर उघडतच नाहीत. लॉक यूएसबीचे असेल, तर नव्या ६४-बिट मशीनवर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभारलेला संगणकातला संगणक) करून तिच्यात जुनी ३२-बिट विंडोज टाकता येते आणि लॉक त्या मशीनकडे सोपवता येते. मग १६ जीबीतले तीनएक जीबी जुन्या कामाला आणि बाकीचे नव्या कामाला लावता येतात. पॅरलल पोर्टचे (जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटचे) लॉक असेल तर हा मार्ग सहसा जमत नाही, आणि मूळ मशीनच जपावे लागते. त्या मशीनमध्ये २ जीबी असतील तर दोनची आणखी एक स्टिक जरूर घालावी, सव्वा जीबी तरी पदरात पडते. चारच्या वर घातलेली रॅम मात्र त्या विंडोजला कधीच दिसणार नाही.